सनरूफ आहे, पण ब्रेक ऑइल कधी बदललं?

हिंजवडीच्या तिसऱ्या फेजमधून संध्याकाळी सहाला निघालेली गाडी वाकडच्या पुलाखाली सातला पोचली, तरी हल्ली कुणी तक्रार करत नाही. त्या तासाभरात ब्रेकवर पाय किती वेळा गेला हे मोजायला कुणाला सवड नसते. शिवाजी चौक, भूमकर चौक, मध्येच आडवी घुसणारी रिक्षा, पुढच्या बसचे लाल दिवे. पाय पॅडलवरून उतरतो न उतरतो तोच पुन्हा पॅडलवर जातो. पाच दिवस हेच चालतं.

मग शनिवार उजाडतो. गाडी तीच असते, पण आत घरातली पाच माणसं, डिकीत चार बॅगा, आणि घोटावडे फाटा, पौड, मुळशी करत ताम्हिणीचा उतार. आठवडाभर दहा-पंधराच्या वेगाने रांगणाऱ्या गाडीच्या ब्रेकला अचानक डोंगर उतरायचा असतो. दोन्ही कामं ब्रेकचीच, पण पहिल्या कामात ब्रेक घासतो आणि दुसऱ्यात तापतो. आपल्याकडच्या कुटुंबाच्या गाडीचा ब्रेक या दोन टोकांमध्ये जगतो, आणि त्याची आठवण मालकाला येते ती बहुधा चाकातून कर्रकर्र आवाज येऊ लागल्यावरच.

हे दुर्लक्ष या पट्ट्यात जरा जास्तच खटकतं. टाटा टेक्नॉलॉजीज आणि केपीआयटी या मोटारींच्या रचनेवर आणि सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या कंपन्यांची मुख्यालयं हिंजवडीत आहेत. चाकणला बॉशचा एबीएसचा कारखाना आहे आणि ब्रेम्बोचा दुचाकींच्या ब्रेकचा. गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. ब्रेकचं शास्त्र कोळून प्यालेली इतकी माणसं देशात क्वचितच कुठे इतक्या जवळजवळ राहत असतील. तरीही इथल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ब्रेकबद्दल सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा असतो: मोठ्या डिस्क आणि लाल कॅलिपर बसवून घ्यावेत का? मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क टाकावी का?

उत्तर बहुतेकांसाठी ‘नको’ असंच आहे. पण ते का, हे समजून घेण्यात गंमत आहे, आणि तिथूनच खऱ्या खर्चाची जागाही सापडते.

ब्रेक गाडी थांबवतो असं आपण म्हणतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो गतीची उष्णता करतो. बाराशे किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात सुमारे १६७ किलोज्यूल ऊर्जा असते. अर्धा लिटर पाण्याला उकळी आणायला साधारण तेवढीच लागते. म्हणजे दर कडक ब्रेकमागे चार जणांच्या चहाचं आधण चाकांत तापतं. वेग १०० केला की हाच आकडा ४६३ किलोज्यूलवर जातो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दुपटीहून कमी वाढला, पण उष्णता जवळजवळ तिप्पट झाली.

मग डिस्क मोठी असेल तर गाडी लवकर थांबेल, हा तर्क सरळ वाटतो. तो फसतो टायरपाशी. गाडी शेवटी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणामुळे. ब्रेकने चाक कितीही जोरात धरलं तरी टायर रस्त्याला जितकं चिकटतं त्यापेक्षा जास्त रोध मिळत नाही. चाक फक्त घसरू लागतं. हे घसरणं टाळायला एबीएस असतो. एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना तो सक्तीचा आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर पॅडल पायाखाली थरथरलं, तर समजावं की ब्रेककडे ताकद पुरेशी होती, टायरची पकड संपली. (हा थरथराट ऐनवेळी जाणवला की अनेक जण घाबरून पाय उचलतात. उचलू नये. दाबून धरावं आणि स्टिअरिंग वळवावं. एबीएस त्यासाठीच आहे.) ज्या ब्रेकमध्ये चाक जाम करण्याइतकी ताकद आधीच आहे, त्याला आणखी ताकद देऊन कोरड्या रस्त्यावरच्या एका थांब्यात फारसा काही फरक पडत नाही. गुळगुळीत झालेले चार टायर बदलले तर पावसात फरक पडतो, आणि तो जीव वाचवण्याइतका असतो. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरवर आल्या की टायर संपला. पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बरीच आधी ढासळायला लागलेली असते.

मोठ्या डिस्कचा खरा फायदा एकच: ती जास्त उष्णता पोटात घेते आणि लवकर थंड होते. शर्यतीच्या मैदानावर दर अर्ध्या मिनिटाला दीडशेवरून साठवर यायचं असेल तर ती हवीच. भूमकर चौकात तिचा उपयोग शून्य. उलट शर्यतीसाठी बनवलेले काही पॅड तापल्याशिवाय नीट धरतच नाहीत. सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पहिल्याच वळणावर मूल आडवं आलं, तर ते थंडच असणार.

मागच्या ड्रमचीही उगाच बदनामी झाली आहे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त काम पुढची चाकं करतात. मागे छोट्या गाडीला ड्रम पुरतो. तो स्वस्त असतो, चिखलापासून झाकलेला असतो आणि हँडब्रेकला सोयीचाही. फोक्सवॅगनने आयडी-३ या इलेक्ट्रिक गाडीला मागे मुद्दाम ड्रमच दिले. इलेक्ट्रिक गाडीचा वेग बराचसा मोटरच कमी करते, त्यामुळे उघडी डिस्क वापराविना गंजत राहते. ड्रमच्या बंद डब्यात तो त्रास कमी होतो.

दुसरी बाजू कायद्याची आहे. पुढच्या-मागच्या ब्रेकच्या ताकदीचं प्रमाण, मास्टर सिलेंडरचा व्यास आणि एबीएसचं गणित कंपनीने एकमेकांशी जुळवलेलं असतं. त्यातला एक भाग बाहेरून आणून बसवला की बाकीचं गणित चुकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाची नजर त्या लाल कॅलिपरवर पहिली पडेल, हा व्यवहारही ध्यानात घ्यायला हवा.

मग पैसे कुठे घालावेत? सगळ्यांत आधी अशा गोष्टीत, जी गाडी विकत घेताना कुणी विचारत नाही आणि विकताना कुणी दाखवत नाही. ती म्हणजे ब्रेक ऑइल.

नाव ऑइल असलं तरी ते तेल नव्हे. ते ग्लायकॉल वर्गातलं रसायन असतं आणि त्याला हवेतली वाफ शोषून घेण्याची खोड असते. रबराच्या नळ्यांमधून, टाकीच्या झाकणातून ओलावा आत शिरत राहतो. मावळात आणि मुळशीच्या बाजूला चार महिने हवा कशी असते हे इथल्यांना सांगायला नको. कपाटातल्या चामड्याच्या बुटांना बुरशी येते, तिथे ब्रेकच्या टाकीने कोरडं राहावं अशी अपेक्षा कशी करायची? नव्या डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो. डॉट-३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत.

१४० अंश तापमान घाटात सहज गाठलं जातं. त्यासाठी पुन्हा चहाच्या आधणाकडे यावं लागेल. पाच माणसं आणि सामान धरून दीड हजार किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली, तर तिने सुमारे ७,३५० किलोज्यूल ऊर्जा सोडलेली असते. तेवीस-चोवीस लिटर पाण्याला उकळी येईल इतकी ती उष्णता. यातला थोडा वाटा वारा आणि टायर उचलतात. उरलेला एक तर इंजिन उचलतं, नाहीतर ब्रेक. चालकाने गिअर न्यूट्रलला टाकून, नुसता ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरवला, तर सगळा भार चार चाकांतल्या लोखंडावर येतो. कॅलिपरमधलं जुनं ओलसर ऑइल उकळतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पॅडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. तासाभराने सगळं थंड झाल्यावर गॅरेजवाला तपासतो तेव्हा ब्रेक व्यवस्थित लागतो! ‘ब्रेक फेल’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या अनेक कहाण्यांमधलं न उलगडलेलं कोडं इतकंच असतं.

वाकडवरून जाणाऱ्या त्याच बाह्यवळणावर, दक्षिणेला, नवले पूल आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरणाऱ्या एका मालवाहू ट्रकने तिथे कित्येक गाड्यांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचं बोललं गेलं. पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितलं ते वेगळंच होतं: चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं. इंजिन बंद म्हणजे ट्रकच्या ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद, आणि गिअरमधून मिळणारा रोधही गेला. मोटारीत हवेऐवजी निर्वातावर चालणारा बूस्टर असतो, पण इंजिन थांबल्यावर तोही एक-दोन दाबांपुरताच उरतो. त्यानंतर पॅडल दगडासारखं घट्ट होतं. उतारावर इंजिन बंद करून वाचवलेल्या पेट्रोलचा हिशेब अजूनही काही घरांत कौतुकाने सांगितला जातो. खरं तर आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजिनाला इंधन जातच नाही. म्हणजे या शहाणपणातून पेट्रोलही वाचत नाही.

हिंजवडीच्या कोंडीला कंटाळून ज्यांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली, त्यांचा एक वेगळा घोळ असतो. क्लच नाही, गिअर नाही, त्यामुळे घाटातही लिव्हर ‘डी’वरच राहतो. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांना खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते. कुठे ‘एल’, कुठे ‘एस’, कुठे अधिक-उणेची खूण. ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, आणि पुस्तिका बहुधा प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर निघालेली नसते.

ऑइल बदलण्याचा खर्च काही शे रुपयांचा. अनेक कंपन्या दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. आपल्या हवेत हा सल्ला तंतोतंत पाळावा. मात्र ‘बदललं’ या शब्दावर विसंबू नये. टाकीतलं वरचं ऑइल पिचकारीने ओढून नवं ओतलं म्हणजे बदल झाला नाही. चारही चाकांपाशी बसून जुनं ऑइल बाहेर काढावं लागतं, ज्याला गॅरेजमध्ये ‘एअर काढणं’ म्हणतात. आणि पातळी खाली गेली म्हणून वरून भर घालणं तर आणखी वाईट, कारण ती उगाच खाली जात नाही. एकतर पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळती आहे. भर घालून ती खूणच पुसली जाते.

पॅडचं गणित सोपं आहे. नव्या पॅडवर साधारण दहा-बारा मिलिमीटर घासणारा थर असतो, आणि दोन-तीन मिलिमीटर उरला की तो बदलावा. किती किलोमीटरनंतर, याला मात्र एकच उत्तर नाही. महामार्गावर धावणारी गाडी ज्या पॅडवर साठ हजार काढेल, त्याच पॅडवर कोंडीतली गाडी निम्म्यातही अडखळेल. म्हणून मीटर नव्हे, जाडी बघावी. दोन्ही बाजूंची बघावी, कारण कॅलिपरची पिन अडकली की एकच पॅड खाल्ला जातो आणि बाहेरून दिसणारा मात्र धडधाकट असतो. डिस्कच्या कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या खाली गेलेली डिस्क टर्निंग करून पुन्हा वापरणं ही काटकसर नाही. आणि नवे पॅड टाकल्यावर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवावी. नवा पॅड आणि डिस्क एकमेकांना बसायला तेवढं अंतर लागतं. गॅरेजमधून थेट घाटाकडे निघू नये.

पॅड कुठून घ्यावेत हा प्रश्न नाजूक आहे. नाना पेठेपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत सगळीकडे खऱ्याबरोबर नकली मालही फिरतो, आणि डब्यावरच्या छपाईवरून फरक कळत नाही. कंपनीचाच पॅड हवा असं नाही. नावाजलेल्या उत्पादकाचा, पक्क्या बिलाचा पॅड चालतो. पण निम्म्या किमतीला मिळणारा ‘सेम टू सेम’ पॅड ही कुटुंबाच्या गाडीत बचत करण्याची शेवटची जागा असावी. गाडीतल्या मनोरंजनासाठी मोठा पडदा बसवून घेताना न होणारी घासाघीस इथेच का होते, हे एक कोडंच आहे.

या मालाची दुसरी एक किंमत आहे, जी ग्राहक मोजत नाही. चाक उघडल्यावर आत काळपट भुकटी असते. गॅरेजमधला पोऱ्या हवेची नळी घेतो, एक फवारा मारतो, ढग उडतो आणि काम पुढे सरकतं. त्या ढगात लोखंड, तांबं, अँटिमनी, बेरियम यांचे बारीक कण असतात. लायनर स्वस्तातला, अनोळखी असेल तर ॲस्बेस्टॉसही असू शकतं. ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसात कॅन्सर घडवतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने निःसंदिग्धपणे सांगितलं आहे. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कॅन्सर तर श्वासातून धागे गेल्यावर वीस, तीस, चाळीस वर्षांनी उगवतो. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये क्रायसोटाइल या प्रकाराच्या वापरावर बंदीचा नियम काढला, त्यात गाड्यांच्या सुट्या ब्रेकचा वेगळा उल्लेख होता. भारतात ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही आणि ते आजही आयात होतं. नावाजलेले पॅड ॲस्बेस्टॉसमुक्त असल्याचं पाकिटावर लिहिलेलं असतं. ते शोधून घ्यावं. गाडी दुरुस्तीला दिल्यावर काउंटरवर एवढंच सांगावं की हवा मारू नका, ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसा. ग्राहक सांगेल तसं काम होतं. अठराव्या वर्षी कामाला लागलेल्या मुलाला चाळिशी-पन्नाशीत काय होईल, हे त्या एका वाक्याने बदलू शकतं.

ही भुकटी गॅरेजपुरतीच राहते असंही नाही. धुराच्या नळीवर कडक नियम आल्यामुळे मोटारींचा धूर कमी होत गेला, तसा ब्रेक आणि टायरच्या कणांचा वाटा डोळ्यांत भरू लागला. युरोपच्या ‘युरो-७’ नियमांनी पहिल्यांदाच ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर मर्यादा घातली: बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, निव्वळ इलेक्ट्रिक गाड्यांना ३. कॅलिफोर्नियाने २०१० मध्येच पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचा कायदा केला, कारण रस्त्यावरून वाहून जाणारं तांबं माशांना मारतं. वाकडच्या पुलाखाली तासभर काच उघडी ठेवून बसलेल्या दुचाकीस्वाराला हा सगळा तपशील कळण्याची गरज नाही. त्याच्या नाकाला तो आधीच ठाऊक आहे.

आता मुद्दा व्यवस्थेचा. टॅक्सी, ट्रक, बस यांना पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस तपासणी करून घ्यावी लागते. कुटुंबाच्या खासगी गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांसाठी होते. त्या पंधरा वर्षांत तिच्या ब्रेककडे सरकारी नजर एकदाही जात नाही. वर्षातून एकदा पीयूसी होते, म्हणजे गाडी काय सोडते ते पाहिलं जातं. ती थांबते का, हे पाहिलं जात नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते आणि त्यात ब्रेक येतात. आपल्याकडे कोट्यवधी खासगी गाड्यांना ही सक्ती उद्या करावी असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. तेवढी केंद्रं नाहीत, आणि सक्तीतून दाखले विकण्याचा नवा धंदा उभा राहायला वेळ लागणार नाही. पण सहा-सात वर्षांच्या पुढच्या खासगी गाड्यांसाठी पीयूसीबरोबर ब्रेक ऑइल आणि पॅडची साधी तपासणी जोडणं अशक्य नाही. ऑइलमधला ओलावा ढोबळपणे दाखवणारं पेनासारखं उपकरण काही शे रुपयांना मिळतं. हिरवा, पिवळा, लाल असे तीन दिवे, पाच सेकंदांचं काम. ते उपकरण काही निर्णायक पुरावा नव्हे, पण सहा वर्षं न उघडलेली टाकी ते ओळखतं.

सरकारची वाट पाहायचीही गरज नाही. हिंजवडीतल्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी रक्तातली साखर आणि डोळे तपासण्याची शिबिरं भरवतात. त्याच इमारतींच्या तळघरांत गाड्या दिवसभर ओळीने उभ्या असतात. पाऊस उघडल्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी गाड्या कोकणात, महाबळेश्वरला निघण्याआधी, दोन मेकॅनिक, एक टॉर्च, एक ते पेन आणि टायरच्या खाचा मोजणारी पट्टी एवढ्यावर एका दिवसात एक अख्खं पार्किंग तपासून होईल. वायपरखाली चिठ्ठी ठेवायची: ऑइल लाल, पुढचा डावा पॅड तीन मिलिमीटर, चालकाच्या पायाशी पाण्याची बाटली लोळतेय. ती बाटली पॅडलखाली अडकली तर वरचं सगळं शास्त्र निरुपयोगी ठरतं, म्हणून तिची नोंद सगळ्यांत वर करावी.